काटा रिकामा नको

"मॅडम, लवकर या. मोरूची आई डेअरीच्या दारात येऊन बसलीय आणि ढेबेवाडीचं दूध आलं नाय."

गणू हवालदाराचा फोन आला तेव्हा उपनिरीक्षक गौतमी सकपाळने पोलादपूर ठाण्यात चहाचा पहिला घोट घेतला होता. तो तिने गिळला, दुसरा तसाच सोडला आणि लॉकअपच्या गजांकडे पाहिलं. आत ढेबेवाडीचं दूध डेअरीत आणणारा मोरू ढेबे घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसला होता. रात्रभर तो एकच वाक्य बोलत आला होता. मी दार लावलं नाय, मॅडम, मी उघडलं.

दुपारी त्याला महाडच्या कोर्टात उभं करायचं होतं. गुन्हा साधा नव्हता. डेअरीचा सचिव सुनील कदम अमावस्येला सकाळी कोल्ड रूममध्ये शिरला आणि रात्रभर तिथेच अडकला. काल सकाळी मोरूने वाडीचं दूध काट्यावर घातलं, कॅन ठेवायला कोल्ड रूम उघडली, तर सुनील दाराशी मुटकुळं होऊन पडलेला. आता तो महाडच्या दवाखान्यात होता. जगेल असं डॉक्टर म्हणत होते, पण छातीवर हात ठेवून कुणी म्हणत नव्हतं. शुद्धीत येऊन एवढंच पुटपुटला होता, "फॅट उतरलं नाय." पुन्हा डोळे मिटले. गणूला ते तापातलं बरळणं वाटलं. सुनीलच्या स्वेटरच्या खिशात दुधाची एक छोटी बाटली सापडली होती, तिचंही कुणाला काही वाटलं नाही. डेअरीच्या सचिवाच्या खिशात दूध नाही तर काय सापडणार?

मोरूच्या गळ्यात फास अडकवला होता तो दाराच्या नोंदीने. कोल्ड रूमच्या दाराला कॉम्प्युटरचं कुलूप होतं आणि ते कार्ड टेकवून चाले. अमावस्येला दार पक्कं बंद केलं ते मोरूच्या कार्डाने, असं कॉम्प्युटर सांगत होता. मोरू म्हणे, त्या दिवशी मी वर वाडीत होतो. सगळी वाडी साक्ष द्यायला तयार होती. पण आपल्या माणसासाठी वाडी साक्ष देणारच, असं ठाण्याच्या साहेबांचं म्हणणं पडलं.

गौतमीला ते पटत नव्हतं. का पटत नव्हतं तेही सांगता येत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. तिने मोरूला जागेच्या पंचनाम्यासाठी बरोबर घेतलं. मोरूचं कार्ड ठाण्याच्या कपाटात लाखेच्या सीलखाली होतं. डेअरीतल्या कॉम्प्युटरच्या खोलीलाही तिने कालच सील ठोकलं होतं. दूध नासू नये म्हणून कॉम्प्युटर मात्र चालू ठेवला होता. खोलीची किल्ली तिच्या खिशात होती.

डेअरीच्या अंगणात रंगूबाई ढेबे मांडी घालून बसली होती. पुढ्यात पदराने झाकलेला एक तांब्या, गळ्यात काट्यावर वजन नोंदवायचं वाडीचं कार्ड. तिच्यासमोर डेअरीचा व्यवस्थापक जितेश उतेकर उकिडवा बसून विनवण्या करत होता. मुंबईत काही वर्षं कॉम्प्युटरचं काम करून परतलेला, गोड बोलणारा, डेअरीत कॉम्प्युटर आणणारा माणूस.

"काकी, रुसवा पोलिसांवर काढ ना. डेअरीने काय बिघडवलंय? तांब्याभर तरी घाल. काटा रिकामा नको."

"माझा पोरगा कोठडीत हाय," रंगूबाई म्हणाली. "तो सुटंस्तवर वाडीचा थेंब काट्यावर पडनार नाय. हे दूध त्येच्यासाठी आनलंय."

जितेशने पहाटेच जीप पाठवून वाडीकडे दूध मागितलं होतं, असं गणूने सांगितलं. जीप रिकामी परत आली. डेअरीवर एवढा जीव असलेला माणूस विरळाच, असं गणूचं मत पडलं.

पुण्याहून कुलूप बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर हर्षद आला होता. इस्त्रीचा शर्ट आणि नव्या बुटांना पोलादपूरची धूळ लागल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. गौतमीने त्याला पडवीतच गाठलं.

"नोंद खोटी असू शकते का?"

"शक्यच नाही. आमचा प्रोग्राम कंपाइल केलेला आहे, मॅडम. म्हणजे भट्टीतून निघालेली वीट समजा. मातीला आकार देता येतो, भाजलेल्या विटेला नाही. त्याचं एक अक्षरही बदललेलं नाही, मी काल पुण्यातून तपासलंय."

"मग दर डेअरीसाठी वेगळी वीट भाजता? सगळीकडे नियम सारखे थोडेच असतात."

"तेवढ्यासाठी सेटिंगची फाइल असते ना. साधी, लिहिता-वाचता येणारी. प्रोग्राम सुरू होताना ती वाचतो. कुठल्या वाडीचं नाव काय, गारवा किती ठेवायचा, असलं सगळं तिच्यात."

"फक्त एवढंच?"

हर्षद जरा वैतागला. कुणाला हवं तर त्या फाइलमध्ये छोट्या स्क्रिप्टही लिहिता येतात, म्हणाला. म्हणजे चार ओळींचे हुकूम. गारवा कमी झाला तर व्यवस्थापकाला मेसेज कर, वगैरे. प्रोग्राम ते वाचतो आणि बिनबोभाट पाळतो. पण ते मेसेजपुरतंच हो, त्यात काही नाही.

गौतमीने मान हलवली आणि कोल्ड रूम उघडायला सांगितली. जितेश पुढे झाला. आज नको, आधीच धावपळ आहे, उद्या सकाळी शांतपणे बघा, असं त्याने सुचवलं. कोर्ट आज आहे, गौतमी म्हणाली. तेव्हा जितेशने कार्ड टेकवून दार उघडलं, जड कॅन ओढून दाराच्या फटीत घट्ट बसवला आणि आपण बाहेरच थांबतो, गारवा सोसत नाही, म्हणाला.

आतला दिवा लावून गौतमी, मोरू आणि हर्षद शिरले. गणू बाहेर रंगूबाईशी बोलत राहिला.

खोली तशी मोठी होती, पण खिडकी नाही. चारी बाजूंना पांढऱ्या जाड भिंती, मांडण्यांवर गावांच्या नावाचे कॅन. उमरठचे होते, बाकी गावांचे होते. ढेबेवाडीची मांडणी तेवढी मोकळी होती. दाराशेजारी आतून एक लाल बटण. आत अडकलेल्याने ते दाबायचं, प्रोग्रामला कळतं आणि कुलूप सुटतं, असं हर्षदने समजावलं. काल पोलिसांनी दाबून पाहिलं तेव्हा ते चाललंही होतं. जुनी लोखंडी खिट्टी नवं कुलूप बसवताना काढून टाकली होती. ती असती तर सुनील बाहेर आला असता.

"दार उघडं ठेवून काय तपासणार?" असं म्हणत हर्षदने बुटाने कॅन बाजूला सारला. "बटण आहे की."

दार आपोआप लागलं. कडीचा आवाज आला.

हर्षदने बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग तळहाताने दाबलं, मग मुठीने. कुलूप ढिम्म.

"काहीतरी तात्पुरतं असेल," तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र तात्पुरता वाटत नव्हता.

गौतमीने फोन काढला. रेंज नाही. त्या भिंतींतून उन्हाळासुद्धा आत येत नाही, तिथे फोन कुठून येणार? तिने दारावर थापा मारल्या. पलीकडे काहीतरी हललं, बोललं, पण शब्द कळेनात. ती घाबरली होती, आणि घाबरल्याचं या दोघांना दिसू नये म्हणून तिने हात पाठीमागे बांधले.

"यानेच केलंय," हर्षद मोरूकडे बोट दाखवत म्हणाला. "यानेच त्या दिवशीही केलं."

"कशाने? त्याचं कार्ड माझ्या कपाटात सीलबंद आहे. आणि तो आपल्याबरोबर आत आहे."

हर्षदने बोट खाली घेतलं. गौतमीही स्वतःच्या बोलण्याने थबकली. रात्रभर जे सांगता येत नव्हतं ते तोंडातून आपसूक बाहेर पडलं होतं. मोरूशिवायही हे दार माणसाला कोंडू शकत होतं.

गारवा हाडांत शिरायला लागला. हर्षदचे दात वाजू लागले. मोरूने काही न बोलता आपली घोंगडी काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. नको म्हणण्याइतकं बळ हर्षदमध्ये उरलं नव्हतं.

"मोरू, इथून आवाज बाहेर जाईल असं काही आहे?"

"ती नळी हाय, मॅडम. बर्फाचं पानी जातं. काट्यापाशी निघते."

जमिनीलगत कोपऱ्यात मनगटाएवढी नळी होती. गौतमी ओल्या फरशीवर पालथी पडली आणि गणूला हाका मारू लागली. थोड्या वेळाने नळीतून गणूचा आवाज आला, विहिरीतून यावा तसा. बाहेर सगळ्यांची कार्डं लावून झाली होती, दार ऐकत नव्हतं. मेन स्विच पाडला, तर बॅटरीवर कुलूप, दिवा, सगळं तसंच. दार तोडायला महाडहून माणूस निघाला होता. जितेश म्हणतोय, कॉम्प्युटरच्या खोलीचं सील तोडा, मी प्रोग्राम बंद करून चालू करतो, लगेच दार उघडेल.

"उघडेल का?" गौतमीने हर्षदला विचारलं.

"उघडेल. मॅडम, हो म्हणा. प्लीज हो म्हणा."

हो हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. बोटं बधिर झाली होती. पण त्या खोलीत गेलेला माणूस एकटाच कॉम्प्युटरपुढे बसणार होता. फाइलमध्ये काय होतं आणि काय नव्हतं, हे मग कुणाला कळलं असतं? आणि मोरू दुपारी कोर्टात.

"गणू, सील तुटता कामा नये. कुणी हात लावला तर त्याला धरून ठेव."

हर्षद मटकन खाली बसला.

गौतमी उठली आणि खोलीत फेऱ्या घालू लागली. तिला एकच गोष्ट हवी होती. अमावस्येचा दिवस आणि आजचा दिवस, या दोन्हींत सारखं काय? काल दार नीट चाललं होतं. रोज नीट चालतं. मग हे दोनच दिवस काय म्हणून असे?

"मोरू, अमावस्येला तू वाडीत का होतास?"

"अमावास्येला आमी दूध इकत नाय, मॅडम. देवाला दाखवायचं, पोरांना द्यायचं. आज्यापासून तसंच. म्हनून खाली उतरलोच नाय."

गौतमी ढेबेवाडीच्या मोकळ्या मांडणीसमोर उभी राहिली. अमावस्येला ती अशीच मोकळी असणार. आणि आज ती मोकळी होती, कारण वाडीचा पोरगा कोठडीत होता.

तिच्या कानात एक वाक्य घुमलं. तांब्याभर तरी घाल. काटा रिकामा नको.

"हर्षद, त्या स्क्रिप्टला दार बंद ठेवायला सांगता येतं का? खरं सांगा."

घोंगडीतून बारीक आवाज आला. "प्रोग्राम जे जे करू शकतो ते सगळं तिला सांगता येतं. बटणाकडे लक्ष देऊ नकोस. कार्ड घेऊ नकोस. नोंदीत अमुक लिही."

"आणि काट्यावरचं वजन तिला दिसतं?"

"दिसतं. काटा आणि दार एकाच प्रोग्रामवर आहेत."

गौतमीने मोरूचा दंड धरला आणि त्याला नळीपाशी नेलं. आईला हाक मार, म्हणाली. वाडीच्या कार्डावर दूध घालायला सांग. असेल तेवढं.

मोरू पालथा पडला. "आये, मी हाय. आये, ऐकतंस ना? तो तांब्या काट्यावर ठेव. वाडीचं कार्ड लाव नि ठेव."

मग रंगूबाईचा आवाज आला, थकलेला. "तुझ्यासाठी आनलंय रे. वाडीनं शब्द केलाय, मी कशी मोडू?"

"आये, थंडी लय हाय गो."

फरशीवरची तिघं कान लावून राहिली. हर्षद काहीतरी पुटपुटत होता, बहुधा देवाचं नाव. मग नळीतून, अगदी लांबून, काट्यावर पितळी तांब्या टेकल्याचा आवाज आला.

दाराने खट्‌ केलं. गौतमीने धावत जाऊन लाल बटण दाबलं आणि ऊन आत आलं.

अंगणात गावातले लोक जमले होते. रंगूबाईने लेकाच्या गालांना दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली. गौतमीने मात्र आधी दोन पंच बोलावले, त्यांच्यासमोर कॉम्प्युटरच्या खोलीचं सील फोडलं आणि थरथरत्या हर्षदला खुर्चीत बसवलं. जितेशलाही आत घेतलं. गणू दाराशी उभा राहिला.

हर्षदने सेटिंगची फाइल उघडली. वर गावांची नावं, गारव्याचे आकडे, मेसेजच्या स्क्रिप्ट. त्याखाली नुसती पांढरी जागा. तो खाली सरकत गेला, आणि तळाशी चार ओळी निघाल्या. त्याने त्या मराठीत सांगितल्या. सकाळचं वजन संपल्यावर ढेबेवाडीच्या नावावर शून्य असेल तर लाल बटण ऐकू नकोस. आत दिवा लागलेला असताना दार लागलं, तर कुणाचंही कार्ड घेऊ नकोस. भोंगा वाजवू नकोस. नोंदीत मोरूचं कार्ड लिही.

"आजची नोंद वाचा," गौतमी म्हणाली.

हर्षदने वाचली आणि कपाळाला हात लावला. आजही दार मोरू ढेबेच्या कार्डाने बंद झालं होतं. ते कार्ड ठाण्याच्या कपाटात होतं.

"विटेला हात लागला नव्हता, हर्षद, तुमचं खरं आहे," गौतमी म्हणाली. "विटेच्या कानात कुणीतरी सांगून ठेवलं होतं."

मग ती जितेशकडे वळली.

"अमावस्येला वाडीचं दूध येत नाही, हे पुण्याच्या माणसाला कुठून माहीत असणार? हे इथल्याच माणसाने लिहिलंय. प्रोग्रामला तिथी कळत नाही, इंग्रजी तारखेला अमावस्या दर महिन्याला हलते, म्हणून त्याने वाडीच्या रिकाम्या काट्यालाच अमावस्या मानलं. त्या दिवशी सुनील एकटा आत जाणार, हेही त्याला ठाऊक होतं."

"का जाणार?" जितेशने विचारलं. त्याचा गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

"वाडीचं दूध म्हशीचं, घट्ट. ते नसेल त्या दिवशी डेअरीच्या एकूण दुधाचं फॅट, म्हणजे स्निग्धांश, उतरायला हवं. सुनीलने पाहिलं, ते उतरत नाही. म्हणजे दुधात कुणीतरी भेसळ करतंय. काल डेअरीची सभा होती. तिथे दाखवायला तो अमावस्येचं दूध बाटलीत भरून घ्यायला आत गेला. बाटली त्याच्या खिशात होती. फॅट उतरलं नाही, हे तो शुद्धीत येऊनही सांगत होता. आम्हीच बहिरे."

"यात मी कुठे आलो? कॉम्प्युटरपाशी कुणीही बसू शकतं."

"बसू शकतं. पण आज सकाळी वाडीकडे जीप कुणी पाठवली? तांब्याभर दुधाने डेअरीचं काय भलं होणार होतं, जितेश? खोलीला माझं सील, तुला त्या ओळी पुसता येईनात. वाडीचं दूध आलं नाही तर दार पुन्हा कुणाला तरी गिळणार आणि तुझं बिंग फुटणार, हे सगळ्या पोलादपुरात फक्त तुला माहीत होतं. दारात कॅन तूच लावलास. ज्याचा लाल बटणावर विश्वास आहे तो माणूस कॅन लावत नाही."

जितेश खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"मारायचं नव्हतं, मॅडम. सभा टळली असती, माझी भेसळ निघाली नसती, बस. थोडा वेळ अडकेल, असं वाटलेलं. मग भीती वाटली. बाहेर आला तर बोलेल."

गौतमीचा आवाज चढला नाही, पण गणूने मान खाली घातली. "ती पाण्याची नळी त्या दिवशीही होती. तिथून सुनीलने हाका मारल्या असणार. दुपारी डेअरीत तू एकटाच असतोस. किती वेळ ऐकत बसलास?"

गणूने जितेशचं मनगट धरलं आणि त्याला मोरूच्या जागी जीपमध्ये बसवलं.

गौतमी अंगणात आली. काट्यावर तांब्या अजून तसाच होता. पंचनाम्याला हवा म्हणून तिने तो कुणाला उचलू दिला नव्हता. रंगूबाई त्याच्याकडे बघत होती.

"मावशी, वजन नोंदलं गेलंय. घ्या तो. तुमचं दूध ज्याच्यासाठी आणलंत त्याला द्या."

रंगूबाईने तांब्या उचलला आणि मोरूच्या हातात दिला. मोरूने दोन घोट घेतले, थांबला, आणि तांब्या हर्षदपुढे धरला. हर्षद घोंगडीतच होता. त्याने दोन्ही हातांनी तांब्या घेतला, प्यायला आणि मोरूकडे न बघताच परत दिला. बघायची त्याला लाज वाटत होती.

गौतमी रंगूबाईच्या शेजारी पायरीवर बसली. उन्हात आता कुठे बोटं हलायला लागली होती. वाडीचा शब्द मोडायला लावला म्हणून तिने माफी मागितली.

"मोडला कुठं? पोरगा सुटंस्तवर म्हनलं होतं. सुटला." रंगूबाईने रिकामा तांब्या पदराने पुसला. "उद्यापासून वाडीचं दूध येईल. अमावास्येला मात्र नाय हां, बाय. तुमच्या दाराला तेवढं शिकवून ठेवा."